बोट लागली

स्वारगेटच्या अलीकडे बसने करकचून ब्रेक मारला आणि शरच्चंद्र बिवलकरांना बोट लागली. बसमध्ये माणसाला गाडी लागते हे त्यांनाही माहीत होतं. पण पोटातली ही ओळख गाडीची नव्हती. जिभेखाली अचानक जमलेलं खारट पाणी, कानामागे गार घाम, आणि बेंबीच्या मागे कुणीतरी दोर ताणून एकदम सैल सोडल्यासारखं. ही बोटच. नौदल सोडून दहा वर्षं होत आली होती. या दहा वर्षांत ते कोरड्या जमिनीवरून छावणीतल्या कचेरीत जात होते, कोरड्या जमिनीवरून परत येत होते, आणि पोटाने एकदाही तक्रार केली नव्हती. आता भर सकाळी, पुण्याच्या डांबरी रस्त्यावर, पलीकडे मेथीच्या जुड्या घेऊन बसलेल्या बाईच्या देखत, खिडकीचा गज धरून ते क्षितिज शोधू लागले. बोट लागली की क्षितिजाकडे बघायचं असतं. समोर एका सायकलच्या दुकानाची पाटी होती. त्यांनी पाटीकडे बघितलं.

दोष ब्रेकचा नव्हता. ब्रेकने फक्त शेजारच्या गृहस्थांचं वर्तमानपत्र बिवलकरांच्या नाकापर्यंत आणलं होतं. आतलं पान, कालव्यातला गाळ उपसण्याच्या बातमीच्या खाली चार ओळी: जुनी विनाशिका 'शरावती' अखेर मोडीत, भंगाराच्या व्यापाऱ्यांना विक्री. गृहस्थांनी पेपर झटकून सरळ केला आणि फुकट्या वाचकाकडे पुण्यात जसं बघतात तसं बघितलं. "हवाय का? मग स्टँडवर मिळतो," असं ते म्हणाले. बिवलकरांचा स्वतःचा पेपर घरी येत होता, रोज येत होता, पण आज सकाळी त्यांनी मागितला तेव्हा श्यामलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या होत्या, "आलेपाकाच्या वड्या गुंडाळल्या त्यात." आजचा पेपर! रद्दीचा एवढा ढीग असताना आजचा ताजा पेपर! अठ्ठावीस वर्षांच्या संसारात असा गुन्हा त्या बाईने केला नव्हता. आज बारशाची गडबड आहे म्हणून त्यांनी तो पोटात घातला होता. आता पोटात तोच हलत होता की काय कोण जाणे.

श्यामलाबाई पुढे बायकांच्या बाकावर बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत वड्यांचा पुडा, झबलं, टोपडं, आणि पाठ अशी ताठ की ब्रेक लागला तरी बाई हलली नाही. बिवलकरांनी त्या पाठीचा अंदाज घेतला. हिला कळलेलं नाही. देवाची कृपा. मार्केट यार्डापलीकडच्या सोसायटीत व्याह्यांकडे बारसं आटपेपर्यंत कुणाला कळू नये एवढंच; मग ती मोडो, वितळो, काहीही होवो. कारण आज त्यांच्या नातीचं नाव ठेवायचं होतं, आणि ते 'शरावती' ठेवावं म्हणून पोरगी जन्मली त्या दिवसापासून ते मोर्चा लावून बसले होते. मुलगा अविनाश "तुम्ही ठरवा" म्हणून मोकळा झाला होता. व्याही श्रीधरपंत, शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले, प्रत्येक गोष्टीला गुण देणारे गृहस्थ, आधी "छे" म्हणाले, मग "बघू" म्हणाले, आणि परवा "विचार करू" इथवर आले होते. पुण्यात 'विचार करू' म्हणजे नाही. पण श्रीधरपंत ते म्हणताना जरासे खोकले होते, आणि त्या खोकल्यावर बिवलकरांनी सगळी भिस्त ठेवली होती. खोकल्याच्या शिडीवर चढून आलेलं नाव या चार ओळींनी खाली पडणार होतं. मोडीत निघालेल्या बोटीचं नाव पाळण्यात कोण घालतं?

बस पुन्हा चालू लागली आणि त्यांच्या मनात ती चालू लागली. ती म्हणजे ती. बिवलकर तिला बोट म्हणत नसत. बोट पुणेकर म्हणतात, त्यांना होडीपासून विमानवाहू नौकेपर्यंत सगळं बोटच. ते 'ती' म्हणायचे, आणि घरात 'ती' म्हटलं की श्यामलाबाई भांडं जरा जोरात ठेवायच्या. ती लढाईच्या दिवसांत एका इंग्रजी गोदीत जन्मली, कुठल्याशा इंग्रजी गावाचं नाव घेऊन उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात मालवाहू जहाजांच्या तांड्यांची राखण करत फिरली. लढाई संपली, इंग्रजांचा जीव तिच्यावरून उडाला आणि आपण ती घेतली. ती आणायला जे खलाशी गेले त्यांत सिग्नलमन बिवलकर होते. नारायण पेठेतला, मुठेपलीकडे पाणी न पाहिलेला पोरगा. हस्तांतराच्या दिवशी पाऊस भुरभुरत होता, एक निशाण खाली आलं, दुसरं वर गेलं, आणि कुणीतरी तिच्या पार्श्वभागावरचं जुनं नाव खरवडून नवं रंगवलं: शरावती. नवऱ्याच्या घरी आल्यावर मुलीचं नाव बदलतात तसंच, असं बिवलकरांच्या मनात आलं, आणि त्यांना ते फार आवडलं. ती मुंबईला लागली आणि पुढच्याच महिन्यात त्यांचं लग्न झालं. ताटातल्या तांदळात अंगठीने त्यांनी बायकोचं नवं नाव लिहिलं, श्यामला. माहेरचं नाव मंदाकिनी होतं. आईला ते हाक मारायला लांब वाटलं. त्या वर्षी त्यांच्या आयुष्यात दोन बायका आल्या आणि दोघींची नावं बदललेली होती. पैकी एकीच्या बदलाचं त्यांना फार कौतुक होतं आणि दुसरीच्या बदलाची आठवणही नव्हती. श्यामलाबाईंनी एकदाच, वाटाणे सोलता सोलता, आठवण करून दिली होती. "घरात आलेल्या नदीचं नाव पुसलंत आणि समुद्रावर नदी शोधायला गेलात." बिवलकरांनी तो विनोद समजून मित्रांना सांगितला होता.

बोट लागायची. हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बंदराची भिंत मागे पडली, पहिली लांब लाट खालून गेली की सिग्नलमन बिवलकरांच्या एका हातात दुर्बीण आणि दुसऱ्या हातात बादली. पहिला दिवस, दुसरा दिवस, कधी तिसराही. जहाजावर सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं; पण नारायण पेठेत ते सागरसिंह होते, आणि सागरसिंहाने ओकायचं नसतं. आईला मात्र कळलं, आणि तेही चुकून. मुंबईहून पहिल्या सफरीवर कोचीनला पोचल्यावर त्यांनी घरासमोरच्या कोळशाच्या वखारीत ट्रंक कॉल लावला. खरखर एवढी की मोठ्याने दोनच शब्द सांगता आले, "बोट लागली!" म्हणजे बंदराला लागली, सुखरूप आहोत. वखारवाल्याने रस्त्यातून वर हाळी दिली, "अहो काकू, शरदला बोट लागली!" आईने कपाळावर हात मारला, त्याच दुपारी आलं किसलं, आणि पुढे प्रत्येक पार्सलात आलेपाकाचा डबा येऊ लागला. चुकीच्या अर्थाने तिने बरोबर तेच औषध धाडलं. आईनंतर श्यामलाबाईंनी ते चालू ठेवलं. कशासाठी, हे त्यांनी कधी विचारलं नाही. हळूहळू अर्धं जहाज आलेपाक मागू लागलं, आणि एकदा खुद्द कॅप्टनने ब्रिजवर, सुकाणूपाशी, हात मागे करून म्हटलं होतं, "बिवलकर, वो पूनावाला मिठाई है क्या?"

तो दिवस. बसच्या खिडकीत धुळकट सकाळ होती, आणि तिच्यामागे द्वारकेजवळचा तो शिशाच्या रंगाचा दुपारचा समुद्र उभा राहिला. एक मालवाहू जहाज बुडत होतं, त्याचा बिनतारी संच बंद पडलेला, फक्त एक दिवा लुकलुकत होता, आणि तो वाचायचं काम बिवलकरांचं. शरावती नावाची नदी कड्यावरून उडी मारते असं भूगोलात शिकवतात. ही शरावती दर मिनिटाला मारत होती. लाटेच्या माथ्यावर गेली की सगळा समुद्र दिसायचा, खाली आली की नुसतं पाण्याचं भिंताड. माथ्यावर असताना वाचायचं, खाली असताना बादली. बिवलकर अक्षर वाचायचे, ओरडून सांगायचे, ओकायचे, पुन्हा वर. शिडाच्या दोरीसारखे ताठ उभे असलेले कॅप्टनसाहेब न वळता म्हणाले होते, "बादली छोडना मत, बत्ती भी छोडना मत." आणि त्यांनी दोन्ही सोडल्या नाहीत. ती म्हातारी पोरगी, इंग्रजांनी टाकलेली, सांधा न् सांधा कुरकुरत त्या जहाजाच्या अंगाला अंग लावून उभी राहिली. दोर फेकले गेले, माणसं एकेक करून ओढून घेतली, स्वयंपाक्याने पिंजऱ्यातला पोपटही आणला. सगळे. एकही माणूस समुद्राला दिला नाही. ओख्याला परत शिरताना बंदरातल्या प्रत्येक बोटीने भोंगा वाजवला, मचव्यांवरच्या खारव्यांनी फडकी हलवली, आणि बिवलकर दुर्बीण छातीशी धरून उभे होते, सदऱ्यावर आलेपाकाचे डाग, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या पायाखालची जमीन, म्हणजे लोखंड, अगदी स्थिर होतं.

हे सगळं श्रीधरपंतांना सांगितलं तेव्हा (बादली वगळून) ते म्हणाले होते, "म्हणजे विनाशिका असून विनाश काही केला नाही." गोव्याच्या वेळी ती बाहेर गस्तीवर होती, पासष्टला बॉयलर उघडून गोदीत पडलेली, पुढे पुढे खडकवासल्याच्या अकादमीतून आलेल्या कोवळ्या पोरांना समुद्र दाखवणं हेच तिचं काम, त्यांतली निम्मी ओकायची, आणि बिवलकर त्यांना आलेपाक द्यायचे. "उत्तीर्ण," श्रीधरपंतांनी निकाल दिला, "पण विशेष प्रावीण्य नाही." श्यामलाबाईंचा हिशेब आणखी निराळा. पानशेतचं धरण फुटलं, नारायण पेठेत पाणी माजघरात शिरलं, तेव्हा त्या दोन पोरं हाताशी आणि सासूला पाठीशी घेऊन शेजाऱ्यांच्या गच्चीवर चढल्या. बिवलकर तेव्हा अंदमानच्या वाटेवर, एकदम कोरडे. "पाणी आमच्याकडे आलं आणि बोट तुमच्याकडे," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. पण ते वाक्य गेली सतरा वर्षं घरात भिंतीवरच्या पुराच्या रेघेसारखं होतं. चुना दिला तरी वर यायचं.

थोरली मुलगी नीरजा झाली तेव्हाच त्यांनी हे नाव मागितलं होतं. आईने विचारलं, "ती तुझी बोट अजून तरंगतेय ना?" तरंगतेय म्हटल्यावर म्हणाली, "मग हयात बाईचं नाव पोरीला कसं ठेवतोस? मी इथे पोरीवर ओरडले तर तिकडे तिला ठसका लागेल. ती गेली की मग बघू." सगळे हसले, पोरीचं नाव नीरजा ठेवलं. पुढच्या मुलाच्या वेळी श्यामलाबाईंनी त्यांना तोंडच उघडू दिलं नाही. "बाप विनाशिकेवर; निदान मुलगा तरी अविनाश असू दे," म्हणाल्या, आणि तसा तो झाला.

"मार्केट यार्ड!" कंडक्टर ओरडला. उतरताना श्यामलाबाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं. "तोंड का उतरलंय?"

"उकडतंय."

"माघात?"

व्याह्यांच्या बैठकीच्या खोलीत पाळणा फुलांनी मढवला होता. बायका आत-बाहेर करत होत्या, पुरुष खुर्च्यांवर बसून बायकांच्या वाटेत येत होते. आत्या म्हणून नीरजाचा आज मान होता. ती पदर खोचून हुकूम सोडत होती. आणि टीपॉयवर, चष्म्याच्या घराखाली, घडी घातलेला पेपर होता. बिवलकरांनी तो बघितला आणि सायकलच्या दुकानाची पाटी शोधली. ती इथे नव्हती.

"या, व्याहीबुवा," श्रीधरपंत म्हणाले. आवाजात खोकला नव्हता. "वाचलंत का आज? आमच्याकडे पेपर वाचायला घेतात, म्हणून विचारतो." त्यांनी चष्मा लावला आणि वर्गात वाचतात तशा त्या चार ओळी वाचल्या. "म्हणजे आता दाढीच्या ब्लेडी. विनाशिका ती विनाशिका, त्यात मोडीत निघालेली. मुलीच्या आयुष्याची सुरुवात भंगारातून करायची का? मी 'विचार करू' म्हटलं होतं. केला. आपण 'शुभदा' ठेवू."

बिवलकरांना वाटलं, आता बोलायचं. द्वारका, भोंगे, पोपट, सगळं. पण बोलायला तोंड उघडावं तर तोंडात पाणी. शब्दाच्या आधी भलतंच काही बाहेर पडलं असतं. त्यांनी खुर्चीचा हात धरला. ती मोडली जात होती, एकेक पत्रा, ब्रिजचा कठडा जिथे त्यांची बादली अडकवलेली असे तो कठडा, आणि इथे टीपॉयपाशी तिचं नावही कुणीतरी खरवडून काढत होतं. एवढ्यात श्यामलाबाई पुढे आल्या. पिशवीतून पुडा काढला, सगळ्यांच्या देखत सोडला आणि पहिली वडी नवऱ्याच्या हातात ठेवली. "धरा तोंडात. बोट लागलीय तुम्हाला."

"काय?" नीरजा म्हणाली. "बाबांना?"

"पहिल्यापासून लागते. मी काय आलेपाक हौसेने वळत होते?" मग त्यांनी पुड्याचा रिकामा कागद गुळगुळीत केला, त्यावरच्या त्याच चार ओळींवर गुळाचं बोट ठेवलं, आणि श्रीधरपंतांकडे वळल्या. "पेपर आम्हीही वाचतो, भाऊ. सकाळी सहालाच वाचला. मोडीत निघाली ना? मग बरं झालं."

"बरं?"

"नाव मोकळं झालं. हयात माणसाचं नाव पोरीला ठेवत नाहीत, गेलेल्याचं ठेवतात. तुमच्याकडे काय उलटं आहे? सूनबाईचं, सुनीतीचं नाव तुमच्या आजीचं ना? आजी जिवंत असताना ठेवलंत का?"

"अहो, पण आजी माणूस होती. ही बोट आहे, विहीणबाई."

"अठरा वर्षं माझी सवत होती," श्यामलाबाई म्हणाल्या. "माणूस की बोट ते मला विचारा."

आतल्या दारात कुणीतरी फिस्सकन हसलं. श्रीधरपंतांनी चष्मा काढला, पुसला, म्हणजे पेपर तपासताना उत्तर अनपेक्षितपणे बरोबर निघालं की करत तसं केलं. तरी हट्टाने म्हणाले, "कर्तृत्व? नाव ठेवायचं तर कर्तृत्व काय?"

"बुडत्या जहाजावरचं एक माणूस सोडलं नाही तिने. आणि यांना दरवेळी घरी आणून सोडलं," श्यामलाबाई म्हणाल्या. "ओकत नेलं, पण आणलं. मी राग केला तिचा, पण खोटं कशाला बोलू."

पाळण्याशेजारी बाळंतीण सुनीती कान बांधून बसली होती. ती म्हणाली, "मला शरावती आवडतं."

"तू कधी बोलली नाहीस ते," तिचे वडील म्हणाले.

"तुम्ही दोघं एकमेकांनाच विचारत होतात, बाबा."

आता श्रीधरपंत खोकले. खोलीतल्या सगळ्यांनी तो खोकला ऐकला आणि त्याचा अर्थ लावला. नीरजाने हात पुसले. "चला तर. दुसरं नाव सांगा कुणीतरी, पाळण्यातलं. एकच नाव काय सांगायचं."

आलं घशाखाली उतरलं होतं. पोटातला दोर कुणीतरी खुंटीला बांधून टाकला होता. बिवलकरांना वाटलं होतं की जिंकल्यावर भोंगे वाजतील. वाजले ते निराळेच. हस्तांतराच्या दिवशीचा तो भुरभुरता पाऊस, खरवडलेलं इंग्रजी नाव, आणि ताटातले तांदूळ, स्वतःच्या अंगठीखाली सरकलेले. तांदळाखाली काय होतं ते तेव्हा त्यांनी बघितलंच नव्हतं. "मंदाकिनी," ते म्हणाले.

श्यामलाबाई वड्यांचा कागद घडी घालत होत्या. घडी थांबली. "मी जिवंत आहे अजून."

"श्यामला जिवंत आहे," बिवलकर म्हणाले. "मंदाकिनी आपल्या लग्नात गेली. नियम तुझाच."

श्यामलाबाईंना उत्तर सुचलं नाही. पुण्यात अशी घटना घडली की चार लोकांना सांगावी. पण बिवलकरांनी ही कुणालाही सांगितली नाही. त्या नुसत्या पाळण्याकडे वळल्या आणि टोपड्याची नाडी, जी नीट बांधलेलीच होती, पुन्हा बांधू लागल्या. "लांब आहे हाक मारायला," एवढं म्हणाल्या, नाडीकडे बघत.

"मारू की," ते म्हणाले.

नीरजाने पोरीच्या कानाशी तोंड नेलं, दोन्ही नावं सांगितली, कुर्रर्र केलं, आणि बायकांनी तिच्या पाठीत असे धपाटे घातले की आत्याबाई कळवळल्या. पाळणा हलला. एकदा इकडे, एकदा तिकडे, लांब लाटेसारखा. "शरावती!" नीरजा मोठ्याने म्हणाली. "शरावती अविनाश बिवलकर!" पाळण्यातल्या मुलीने डोळे उघडले, नव्या नावाचा क्षणभर विचार केला, आणि घोटभर दूध नव्या झबल्यावर ओकून टाकलं.

"लागली बोट," श्यामलाबाई म्हणाल्या, आणि पदराने तिचं तोंड पुसलं.

"लागली," बिवलकर म्हणाले. त्यांनी पाळण्याचा कठडा हाताने धरून थांबवला. "बंदराला."